शिसपेन्सिलीचा आकडा

हे सगळं घडलं एकोणीसशे शहाऐंशी साली. साल नेमकं आठवायला कारण आहे. त्याच वर्षी हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॅबमध्ये नवी उबेची पेटी आली आणि त्याच वर्षी ताईचा दादा गेला. पेटी आधी आली, दादा नंतर गेला. आणि तो गेल्यावरही साडेतीन महिने त्याचा नखभर अंश त्या पेटीत जिवंत होता.

तळघरात तीन खोल्या होत्या. पहिलीत मावशी दिवसभर बाटल्या धुवायची. मधलीत सर बसायचे, कागदांच्या ढिगाऱ्याआड, चहाचा कप कुठे ठेवला ते शोधत. तिसरी खोली ताईची. तिला दोन दारं होती, आणि पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा नियम होता. आत पेशी वाढायच्या. चपट्या बाटल्या आडव्या निजवलेल्या, तळाशी पेशींचा पातळ थर, वर गुलाबी पाणी. पेशींनी त्यातलं सगळं खाऊन संपवलं की पाणी पिवळं पडे. ते पिवळं पडायच्या आत बदलायचं, हे ताईचं काम. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस.

"लेकुरवाळीला तरी माहेरी जाता येतं," मावशी म्हणायची. "तुझी ही पोरं कुणाकडे ठेवायची सोय नाही बघ."

ताईचं लग्न झालेलं नव्हतं. करायचं राहून गेलं होतं, इतकंच.

सरांचा एक नियम होता आणि तो लॅबमध्ये कुणी मोडत नसे. कुठलाही प्रयोग तीनदा करायचा. पहिल्या दोन वेळचे आकडे वहीत शिसपेन्सिलीने लिहायचे. तिसऱ्यांदाही तसाच आकडा आला, तरच शाईचं पेन उघडायचं. "पेन्सिलीचा आकडा म्हणजे अफवा," सर म्हणायचे. "ऐकायची, पण कुणाला सांगायची नाही." ताई तिथे चिकटली त्याला बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षांत पेन्सिलीच्या आकड्यावर कुणी काही ठरवल्याचं तिने पाहिलं नव्हतं. हा विश्वासच पुढे तिच्या अंगाशी आला.

दादा रेडिओ दुरुस्त करायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा आणि ही अकराची. त्याने शिक्षण सोडून दुकान टाकलं आणि हिला शिकवलं. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की दादाला स्टुलावर पाय वर घेऊन बसावं लागे. पुढे वहिनी आली. तिलाही त्या दुकानाचंच वेड लागलं. दुपारी ती त्याच्याशेजारी बसून स्क्रू वेचायची. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख त्या दोघांनी कधी कुणापुढे मांडलं नाही.

त्या वर्षी दादाच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, निम्मी गाठ काढता आली, निम्मी नाही. काढलेल्यातला एक तुकडा रीतीप्रमाणे खाली लॅबमध्ये आला. अशा दहा तुकड्यांतले नऊ बाटलीत तग धरत नाहीत. दादाचा धरला. त्याची खाट चौदा नंबरची, म्हणून बाटलीवर चिठ्ठी लागली: चौदा.

संध्याकाळी ताई वर वॉर्डात जाऊन बसायची.

"काय गं धाकटे, तुम्ही खाली नक्की करता तरी काय?" दादाने एकदा विचारलं. "तुझे सर राउंडला आले होते. दहा मिनिटं बोलले, मला 'नमस्कार' सोडून काही कळलं नाही."

मग तिने सांगितलं. शरीरातली प्रत्येक पेशी शेजारपाजारच्या सांगाव्यावर जगते. सांगावा म्हणजे एकेक प्रथिन. एक येऊन सांगतं, वाढ. दुसरं सांगतं, थांब. आणि एक सांगतं, तुझं काम झालं, आता आवरतं घे. ते ऐकायला पेशीच्या अंगावर कानांसारख्या जागा असतात. आवरतं घे असं ऐकलं की शहाणी पेशी मुकाट्याने आक्रसते, स्वतःच्या लहान लहान पुड्या बांधते, आणि शेजारणी त्या पुड्या खाऊन टाकतात. मागे डागसुद्धा उरत नाही.

"आईच्या पोटात तुझा पंजा आधी वल्ह्यासारखा सलग होता," ती म्हणाली. "मधल्या पेशींनी ऐकलं आणि त्या मेल्या, म्हणून बोटं सुटी झाली."

दादाने आपला हात डोळ्यांपुढे धरला. बोटांवर सोल्डरिंगचे जुने चटके होते.

"म्हणजे रेडिओच की. स्टेशन, एरियल, स्पीकर. मग माझ्या गाठीत बिघाड काय?"

"वाढ सांगणारं बटण अडकून बसलंय. आणि आवर सांगणारं स्टेशन तिला लागतच नाही."

"अडकलेल्या बटणाला मी एक टपली द्यायचो. निम्मे सेट टपलीवर चालू व्हायचे, निम्मे बंद पडायचे."

"सर तीच टपली शोधतायत."

तेव्हापासून त्या प्रथिनाचं नाव टपली पडलं. सरांनाही ते आवडलं. जिवंत रक्तपेशींच्या पाण्यातून ते गाळून गाळून काढावं लागे. पाच आठवड्यांच्या गाळणीतून एका रुग्णापुरती करंगळीएवढी शिशी आणि प्रयोगापुरते चार थेंब मिळायचे. बहिऱ्या झालेल्या काही पेशींना ते ऐकू जातं असं दिसू लागलं होतं. सगळ्यांना नाही, काहींना. म्हणून आधी बाटलीतल्या पेशींवर टपली घालून बघायची, पेशी मेल्या तरच रुग्णाला द्यायची, अशी रीत ठरली होती.

दादासाठी टपली वेळेत तयार झाली नाही. शेवटच्या आठवड्यात तो ताईला म्हणाला, "माझ्या पेशी आहेत ना खाली? मारा खुशाल. कुणाच्या उपयोगाला येत असतील तर चांगलंच. मला मारल्याशिवाय त्या राहणार नाहीत, मग त्यांची कसली भीड?"

वहिनी खिडकीशी उभी होती.

दादा गेल्यावर वहिनी दर शुक्रवारी दुपारी लॅबच्या दाराशी यायला लागली. पहिल्यांदा आली तेव्हा ताईला वाटलं काही कागद सहीला आलेत.

"वन्सं, मला बघता येतील का ते?"

ताईने तिला पांढरा कोट चढवला, दोन्ही दारांतून आत आणलं आणि मायक्रोस्कोपशी बसवलं. वहिनी बराच वेळ वाकून राहिली. खाली फरसबंदीसारख्या दाटीवाटीने पसरलेल्या पेशी होत्या, काही मधोमध दुभंगून दोन होत होत्या.

"वाढतायत," ती म्हणाली.

"हो."

"त्यांना काही कळत नसेल ना?"

"नाही हो वहिनी. काही नाही."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा. दर वेळी एकच प्रश्न, "किती झाले आज?" चौदाच्या पेशी संथ होत्या. दोन महिन्यांत एकीच्या तीन बाटल्या झाल्या. मावशीने एकदा ताईला बाजूला घेतलं. "अगं, ज्याने माणूस खाल्लं त्याचीच ती विचारपूस करतेय. तू तिला आवर."

"कुणी कुणाला आवरायचं, मावशी?" ताई म्हणाली.

मग टपलीची नवी शिशी तयार झाली. वॉर्डात तिची वाट बघणारे दोघं होते. एक म्हातारा पोस्टमन, आणि एक शिवणाच्या बाई. पोस्टमनच्या पेशी बाटलीत वाढल्या होत्या आणि टपलीने त्यांतल्या निम्म्या मेल्या होत्या. शिवणाच्या बाईंच्या पेशी वाढल्याच नव्हत्या. पण त्यांची गाठ आणि दादाची गाठ एकाच जातीची. म्हणून सरांनी ठरवलं, चौदावर प्रयोग करायचा. चौदा निम्म्याहून जास्त मेल्या तर शिशी बाईंना, नाहीतर पोस्टमनला.

प्रयोग बुधवारी होता. मंगळवारी वहिनी आली. शुक्रवार नसताना आली.

"उद्या मारणार ना त्यांना?"

"एकच बाटली, वहिनी. दोन राहतील."

"आणि घालणार कोण? तुम्हीच ना?"

ताईने मान हलवली. वहिनीने कोटाची बटणं लावली, काढली, पुन्हा लावली, आणि आत न येताच निघून गेली.

बुधवारी सकाळी ताईने सगळं नेहमीसारखं केलं. बाटलीतलं जुनं पाणी काढलं, नवं घातलं, टपलीच्या चार थेंबांची नळी बर्फातून काढली. थेंब ओढायच्या काचेच्या पिपेटला रबराचा फुगा लावला. आणि हात थांबला. किती वेळ, ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. शेवटी तिने टपलीच्या नळीला बूच लावून ती फ्रिजमध्ये मागच्या फळीवर, जुन्या खोक्याआड सरकवली, आणि बाटलीत चार थेंब साधं मिठाचं पाणी टाकलं.

तिने काही वाचवलं नाही, हे तिलाही कळत होतं. शुक्रवारी सर त्या पेशींवर निळा रंग घालून मोजणार. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत स्वच्छ राहतात, आणि मोजून झाल्यावर दोन्ही सारख्याच जंतुनाशकाच्या बादलीत जातात. पण आपल्या हाताने दादाला 'आवर' म्हणायचं तिच्याने होईना. पहिल्या खेपेचा आकडा, तिने मनाशी म्हटलं, पेन्सिलीचा. पुढच्या खेपेला घालू. तेवढा धीर आणू.

गुरुवारपासून चार दिवस तिने रजा घेतली. दुकान रिकामं करायचं होतं. वहिनी आणि ती, दोघींनी मिळून एकशे अकरा रेडिओ खोक्यांत भरले. बाटल्यांचं पाणी त्या चार दिवसांत सरांनी बदललं.

सोमवारी ती आली तर मावशी नळाशी गुणगुणत होती.

"तुझ्या चौदाने नाव काढलं बाई! शंभरात चौऱ्याण्णव जित्या. टपलीला दादच दिली नाही. भाऊ गेला पण खोड गेली नाही!"

ताईने पर्स खाली ठेवली. "सरांनी वहीत लिहिलं?"

"लिहिलं असेल. मला काय, मी बाटल्या मोजते."

ताईने वही उघडली. पेन्सिलीने, सरांच्या तिरप्या अक्षरात, चौऱ्याण्णव. ती थोडी निवांत झाली. इतक्यात सर आले.

"पोस्टमनला शनिवारीच दिली टपली," ते म्हणाले. "थांबायला वेळच नव्हता, ताई. वरून फोनावर फोन. दोघांचीही तब्येत उतरत चाललेली. आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिलीच्या आकड्यावर चाललो." मग वही मिटत, "तुम्ही केलेला प्रयोग होता म्हणून चाललो."

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि "पाणी बदलायचंय" एवढंच बाहेर पडलं.

दुपारी रिपोर्ट द्यायला ती बायकांच्या वॉर्डात गेली. कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई हॉस्पिटलचाच गाऊन मांडीवर घेऊन त्याच्या बाजू आत घेत होत्या. अंगावरचा दुसरा गाऊन खांद्यावरून घसरत होता.

"तुम्ही खालच्या ना?" त्यांनी विचारलं. "कोटावरून ओळखलं. माझ्या पेशी वाढल्या नाहीत म्हणे."

"नाही वाढल्या."

"आळशी असणार. मला आयुष्यभर बसू दिलं नाही आणि आता बसल्या." त्या हसल्या. दात मोठे दिसत होते, चेहरा उतरला की दिसतात तसे. "मग माझ्यासारख्याच कुणाच्या तरी होत्या, त्यांच्यावर बघितलं. त्या मेल्या नाहीत. सरांनी येऊन सगळं नीट सांगितलं. तो माणूस गेला ना? चांगला असणार. स्वतः गेला आणि मागे माझ्यासाठी पेशी ठेवून गेला. त्याच्यावर माझा काही राग नाही."

ताईने रिपोर्टचे कागद खाटेच्या कडेला ठेवले.

"अहो, तुमचा खिसा लोंबतोय. इकडे या. काढू नका कोट, अशाच उभ्या राहा."

बाईंनी बसल्या बसल्या खिसा शिवला. बारीक, एकसारखे टाके. शेवटी दोरा दाताने तोडताना त्यांचं डोकं ताईच्या पोटाला टेकलं.

सांगायला त्यानंतर नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस ताईने पेशींना जेवू घातलं, घरी जाऊन अंथरुणावर पडून राहिली, सकाळी उठून पुन्हा आली. नोकरी जाईल ही भीती होतीच, ती नव्हती असं कशाला म्हणायचं? पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. चौदाच्या पेशी टपलीने खरोखरच मेल्या तर? आणि नाही मेल्या तर काहीच बिघडलं नाही, आकडा तोच राहिला असता, पोस्टमनलाच शिशी गेली असती. हे कळायचा एकच मार्ग फ्रिजच्या मागच्या फळीवर होता.

सातव्या दिवशी तिने दुसरी बाटली काढली, दडवलेली नळी काढली, आणि चार थेंब घातले. या वेळी हात थांबला नाही.

दोन दिवस ती दर तासाला बाटली मायक्रोस्कोपखाली ठेवून बघत राहिली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फरसबंदीत फटी पडल्या. पेशींनी एकमेकींचे हात सोडले. एकेक पेशी गोल झाली, आक्रसली, अंगावर फोड आल्यासारखी दिसू लागली, आणि मग लहान लहान पुड्या होऊन विखुरली. आवाज नाही, धावपळ नाही. जवळ बसून पाहिलेला दादाचा शेवट असा नव्हता. तो फार मोठ्याने गेला होता. दुपारी तिने निळा रंग घालून मोजलं. शंभरात अकरा जिवंत.

तशीच ती सरांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

सर कप शोधू लागले, तो समोरच होता.

"बारा वर्षं," ते शेवटी म्हणाले. "तुमचा आकडा मी कधी पुन्हा तपासला नाही."

"माझी चूक झाली, सर."

"चूक? चूक मावशीकडून होते, बाटलीला साबण राहतो." त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आणि नियम मोडला मी. तुम्ही माझ्या नियमावर विसंबलात, मी तुमच्या हातावर. मधल्यामध्ये ती बाई मेली."

"अजून जिवंत आहेत त्या, सर."

"मग गाळणी लावा. आत्ता. उभ्या काय राहिलात?"

पाच आठवडे लागायचे ते लागलेच. सर आणि ताई आलटून पालटून गाळणीशी बसत, कामापुरतं बोलत. मावशीला सगळं कळलं होतं. तिने थट्टा बंद केली, आणि ताईला ते शिव्यांहून जड गेलं. सरांनी बाईंनाही खरं काय ते सांगितलं. ताई भेटायला गेली तेव्हा बाईंनी तोंड भिंतीकडे केलं. नंतर तसंच, मागे न वळता, विचारलं, "भाऊ होता तुमचा?"

"हो."

"मग जा आता."

एवढंच बोलणं झालं. शिवणाच्या बाई गेल्यावर सहाव्या दिवशी शिशी तयार झाली. त्या नऊ दिवसांतून सहा वजा केले की तीन उरतात. ताईने सोमवारीच तोंड उघडलं असतं तर शिशी मरणाच्या तीन दिवस आधी त्यांच्या हाती पडली असती. त्या शिशीने काही झालं असतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही.

वहिनीला ताईने त्यानंतरच्या शुक्रवारी सांगितलं, मायक्रोस्कोपशी. वहिनी ऐकून घेत होती, डोळा न उचलता.

"माझ्यासाठी केलंत?"

"माझ्यासाठीच केलं, वहिनी. तुमचं नाव पुढे करणार नाही."

"त्यांना विचारलं असतं तर त्यांनी स्वतः बटण बंद केलं असतं," वहिनी म्हणाली. "मला माहीत होतं ते. तरी मंगळवारी आले मी." तिने कोट काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

उरली होती एक बाटली. सरांनी ती दोन बशांत वाटायला सांगितली, म्हणजे प्रयोग तीनदा पुरा होईल. टपली ताईनेच घातली. तेरा आणि दहा. सरांनी शाईचं पेन उघडून तिच्या हातात दिलं. आधीचा चौऱ्याण्णव ताई खोडायला गेली, तर सरांनी रबर काढून घेतलं. "राहू दे तो तिथे."

चौदा त्या दिवशी संपल्या.

पोस्टमन सात महिने जगला. ताप फार सोसला त्याने, पण गाठ लहान झाली, आणि मग पुन्हा वाढली. आपल्याला ते महिने कसे मिळाले ते त्याला कुणी सांगितलं नाही. सरांनी टपलीवर निबंध लिहिला, त्यात एका परिच्छेदात हा प्रकार जसाच्या तसा घातला. नाव न घेता, दोष स्वतःकडे घेऊन. पुढे टपली मागे पडली. अंगात घातली की ती गाठीइतकीच माणसालाही सोसवेना. सर निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी गेले. मावशीच्या जागी बाटल्या धुवायचं मशीन आलं. ती मुलीकडे राहायला गेली आणि तिथून दर वर्षी ताईला एक पत्र पाठवायची, दुसऱ्याच्या अक्षरातलं. वहिनीने रेडिओ विकले आणि आपल्या भावाच्या गावी निघून गेली. ताईची आणि तिची गाठ पुन्हा एकदाच पडली, एका लग्नात. दोघी शेजारी बसल्या, आणि हवापाण्याचं बोलल्या.

ताई आणखी एकोणीस वर्षं त्या खोलीत पेशींना जेवू घालत होती. तिला कुणी काढलं नाही. पण त्यानंतर तिने केलेला प्रत्येक प्रयोग दुसरं कुणीतरी समोर बसून बघायचं, आणि ही अट तिने स्वतः घातली होती. त्या वर्षांत कोट चार-पाचदा बदलले. तो खिसा मात्र तिने दर वेळी खालच्या कापडासकट कापून नव्या कोटाला लावून घेतला. त्यावरचे टाके तसेच होते. शेवटच्या कोटाच्या वेळी शिंप्याने विचारलं, "बाई, नवा खिसा लावू का? हा फार विरलाय." ताई नको म्हणाली.